माळ राखताना : सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातील स्वयंसेवा

पुणे-सोलापूर महामार्गावर चौफुल्याला उजव्या हाताला वळून मोरगावच्या रस्त्याला लागले की सुपे गावाजवळ मयूरेश्वर अभयारण्य येते. मोरगावच्या मयूरेश्वराचेच नाव त्याला मिळालेले आहे. त्या रस्त्याने अष्टविनायकाच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्यांपैकी फार थोड्या तिथे थांबतात, कारण अभयारण्य म्हटल्यावर जे दाट जंगल डोळ्यांसमोर उभे राहते ते इथे नाही. इथे आहे तो माळ. मुरमाड जमीन, तिच्यावर गवत आणि अधूनमधून हिवर, बोर, तरवड, नेपती यांची झाडेझुडपे. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तेवढ्या पावसावर जे नैसर्गिकरीत्या उगवते तेच हे वन आहे. १९९७ साली चिंकारा या लहान कुरंगासाठी हे अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ अवघे ५.१५ चौरस किलोमीटर आहे.

नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर मी इथे स्वयंसेवक म्हणून येऊ लागले. या कामात नेमके काय करावे लागते, त्यातले काय उपयोगाचे असते आणि काय नसते, हे मला अनेक जण विचारतात, म्हणून ते एकदा सविस्तर लिहीत आहे.

लहान अभयारण्याची अडचण आधी समजून घ्यावी लागते. ५.१५ चौरस किलोमीटरचे क्षेत्र अगदी गोलाकार आहे असे धरले, तरी मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर सव्वा किलोमीटरच्या थोडे पुढे जाते. प्रत्यक्षातले आकार गोल नसतात, त्यामुळे ते आणखी कमी भरते. म्हणजे या अभयारण्याला आतला भाग असा जवळजवळ नाहीच. जे आहे ते सगळे कडेला आहे. रस्त्यावरचा कचरा, वस्तीवरची कुत्री, शेतातली औषधफवारणी, कोणीतरी न विझवता टाकलेली विडी, यांपैकी काहीही सहज मध्यापर्यंत पोहोचते. कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य तर याहूनही लहान, २.१७ चौरस किलोमीटरचे आहे. अशा ठिकाणी एक वनरक्षक आणि दोन-चार वनमजूर सगळीकडे एकाच वेळी असू शकत नाहीत, आणि स्वयंसेवकाची गरज तिथून सुरू होते.

सुरुवातीची कागदोपत्री प्रक्रिया सोपी होती. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज, ओळखपत्राची प्रत, आणि फिरताना काही दुखापत झाल्यास जबाबदारी माझी राहील असे हमीपत्र. परवानगी मिळाल्यावर मला पहिल्यांदा स्पष्ट करून सांगण्यात आले ते अधिकारांविषयी. स्वयंसेवकाला कोणालाही अडवण्याचा, दटावण्याचा किंवा कोणाचे जनावर हाकलून लावण्याचा अधिकार नसतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये कारवाई करायची ती वनकर्मचाऱ्यांनी. आपण पाहायचे, जागा आणि वेळ टिपायची आणि कळवायचे. हे ऐकताना काहींचा उत्साह मावळतो, असे मी नंतर पाहिले. मला मात्र ही मर्यादा पहिल्यापासून योग्य वाटली, कारण आसपासच्या गावांशी संबंध एकदा बिघडले तर लहान अभयारण्याला ते परवडत नाही.

दुसरी सूचना छायाचित्रांविषयी होती. लांडग्याची गुहा, खोकडाचे (माळावरच्या लहान कोल्ह्याचे) बीळ, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी यांची जागा कोणत्याही छायाचित्रातून किंवा संदेशातून बाहेर जाऊ द्यायची नाही. धाविक आणि माळटिटवी यांसारखे पक्षी उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या आधाराने अंडी घालतात आणि ती खड्यांपासून वेगळी ओळखू येत नाहीत. विणीच्या काळात आखलेली वाट सोडून चालायचे नाही हा नियम त्यामुळेच आहे.

त्यानंतरचा बराच काळ फक्त पाहायला शिकण्यात गेला. चिंकाऱ्याची पाठ आणि वाळलेले गवत यांचा रंग इतका मिळताजुळता असतो की समोर उभा असलेला प्राणी तो हलेपर्यंत दिसत नाही. मला शिकवणारे वनरक्षक वयाने माझ्या मुलाएवढे होते. ते सांगत, “काकू, जनावर शोधू नका. आधी गवत बघा, मग गवतात जे हलत नाही ते बघा.” वारा वाहत असताना गवताची पाती सतत डुलत असतात, आणि त्यात न डुलणारी गोष्ट म्हणजे कान टवकारून स्तब्ध उभा असलेला चिंकारा, हे त्यांनी दाखवल्यानंतरच मला उमगले. नराची शिंगे वळ्यावळ्यांची आणि ठसठशीत असतात. मादीलाही शिंगे असतात, पण ती बारीक आणि गुळगुळीत. गळ्यापासून पोटापर्यंत पांढरा रंग, चेहऱ्यावर दोन्ही बाजूंना फिकट पट्टा, आणि बिथरल्यावर वेगाने हलणारी काळी शेपटी. ही सगळी लक्षणे प्राणी पळायला लागण्याआधीच्या थोड्या क्षणांत टिपावी लागतात.

मोजणीचे काम पहाटे उजाडताच सुरू होते. एक ठरावीक, सरळ आखलेली वाट असते आणि तीच वाट ठरावीक वेगाने चालायची. प्राणी दिसला की थांबायचे. कळपात नर किती, माद्या किती, पाडसे किती हे लिहायचे, रेंजफाइंडरने अंतर घ्यायचे आणि होकायंत्राने दिशा. अंतर आणि दिशा लिहिण्यामागचे कारण समजल्याशिवाय हे काम मनापासून होत नाही. वाटेजवळचे प्राणी बहुतेक सगळे दिसतात, लांबचे अनेक सुटतात. प्रत्येक नोंदीचे वाटेपासूनचे अंतर माहीत असले की किती सुटले असावेत याचा गणिताने अंदाज बांधता येतो. म्हणून “आज बारा चिंकारे दिसले” या वाक्याला एकट्याला फारसा अर्थ नसतो. तीच वाट, तोच वेळ, तीच पद्धत वर्षानुवर्षे राखली तर त्या बाराला अर्थ येतो. एखाद्या सकाळी पूर्ण वाट चालून एकही चिंकारा दिसत नाही. तरीही तो कागद भरावा लागतो आणि त्यावर शून्य लिहावे लागते, कारण शून्य ही देखील नोंद आहे. केवळ प्राणी दिसले त्याच दिवशीचे कागद जमा झाले तर वर्षाअखेरीस चित्र खोटे उभे राहते.

वैशाखी पौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावर होणारी प्रगणना सर्वांना माहीत असते आणि तिच्यासाठी अर्जही भरपूर येतात. त्या रात्री माळ पाहण्याचा अनुभव मोठा असतो, यात शंका नाही. पण चिंकाऱ्याला लागणारे बरेचसे पाणी पाला, फळे आणि दवातून मिळते, त्यामुळे तो त्या रात्री पाण्यावर येईलच असे नाही. एका रात्रीच्या आकड्यावरून चिंकारे वाढले की घटले हे ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. लोकांना वन्यजीवांची ओढ लागावी म्हणून तो उपक्रम उत्तम आहे. मोजणीचा पाया म्हणून त्याच्याकडे पाहणे मात्र मला पटत नाही.

माझे सर्वांत आवडते काम गवताच्या नोंदीचे. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी चौकट ठरलेल्या जागी जमिनीवर ठेवायची आणि तिच्यात कोणते गवत किती आहे, किती उंच आहे, किती जमीन उघडी आहे, लेंड्या कोणाच्या आहेत, हे सगळे लिहायचे. यासाठी आश्विन महिना उत्तम, कारण तेव्हा गवते तुऱ्यावर आलेली असतात आणि तुऱ्याशिवाय बरीचशी गवते ओळखणे माझ्यासारख्याला अवघड जाते. पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी, कुसळी ही नावे मला गावातल्या वनमजूर बायकांनी शिकवली. त्या पात्याला हात लावून, चुरगाळून, वास घेऊन नाव सांगतात.

कुसळीचे बी मी तासभर पाहत बसले होते, ते इथे सांगण्यासारखे आहे. बियाचे टोक सुईसारखे असते आणि मागे लांब, पीळ बसलेले कुसळ असते. वाळलेल्या बियावर बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकले की कुसळाचा पीळ सुटू लागतो, बी स्वतःभोवती फिरू लागते, आणि जमिनीत जराशी भेग असेल तर टोक तिच्यात शिरते. वाळले की पीळ पुन्हा बसतो आणि बी पुन्हा फिरते. पाऊस येतो, उघडीप पडते, असे होत होत ते बी स्वतःला जमिनीत पेरून घेते. ज्या माळाला आपण ओसाड म्हणतो तिथे पेरणीची ही व्यवस्था माणसाचा हात न लागता चालू असते.

आणि याच माळावर लोक झाडे लावायला येतात. एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याहून एका कंपनीचा गट गाडीभर रोपे घेऊन आला होता. त्यांचा हेतू चांगला होता, मुलेबाळे सोबत होती, खड्डे खणण्याची तयारी होती. वनरक्षकांनी नम्रपणे नाही म्हटल्यावर त्यांना ते खरेच वाटेना, आणि त्यांना समजावण्याचे काम माझ्याकडे आले. माळावरची गवते उन्हावर वाढतात. वर सावली धरली की ती मरतात. चिंकाऱ्याचे संरक्षण त्याच्या नजरेत आहे, लांबवर मोकळे दिसले तर तो वाचतो. भोवत्या जातीचे शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियाकडून इथे येतात ते गवतावरून अगदी कमी उंचीवर उडत टोळ, लहान पक्षी आणि उंदीर टिपण्यासाठी, आणि रात्री ते जमिनीवर गवतातच झोपतात. झाडे लावली की हे सगळे जाते. सरकारी नकाशांत अशा जमिनींची नोंद पडीक म्हणून होत आली, त्यामुळे सामाजिक वनीकरणाच्या काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी माळांवर गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावले गेले. आज त्यांच्याखाली गवताची काडी दिसत नाही. त्या गटातल्या एका गृहस्थांनी शेवटी विचारले, “मग आम्ही काय करावे?” मी त्यांना रस्त्याकडेची कुंपणाची बाजू दाखवली. त्या दिवशी त्यांनी वेफर्सची पाकिटे, प्रसादाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि दारूच्या बाटल्यांच्या काचा गोळा करून पोती भरली. रोपे परत गेली. काचेचा तुकडा खुरात शिरला तर चिंकाऱ्याला उपचार नाही, म्हणून मला ते काम वृक्षारोपणाहून मोलाचे वाटते.

उन्हाळ्यात पाणवठ्यांची कामे असतात. बशीच्या आकाराचे सिमेंटचे पाणवठे टँकरने भरले जातात. आमच्याकडे येते ते शेवाळ घासून काढणे, फुटके काठ कळवणे, आणि मधमाश्या, सरडे, छोटे पक्षी बुडू नयेत म्हणून एका बाजूला पाण्यात दगड रचणे. सकाळच्या उन्हात पखुर्ड्यांचे थवे पाण्यावर उतरतात. नर पोट पाण्यात बुडवून पिसे भिजवून घेतो आणि ते पाणी पिलांपर्यंत नेतो. पिले त्याच्या पोटाच्या पिसांतून पाणी चोखतात. त्या वेळी पाणवठ्याजवळ माणूस असू नये, म्हणून आमची सफाई दुपार कलल्यावर होते.

काठाभोवती बारीक मातीचा पट्टा पसरून ठेवला की रात्री कोण आले ते सकाळी वाचता येते. चिंकाऱ्याचा खूर टोकाला निमुळता, शेळीचा बोथट. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा उमटतो. लांडगा आणि कुत्रा यांत मात्र भल्याभल्यांना खात्री देता येत नाही. लांडग्याचा ठसा लांबट असतो, मधली दोन बोटे पुढे आलेली असतात आणि तो एका रेषेत सरळ चालत जातो, तर कुत्रे रेंगाळत, वास घेत, आडवेतिडवे फिरते. तरीही एकाच ठशावरून निर्णय देऊ नये. आमच्या तक्त्यात “लांडगा किंवा कुत्रा” असा वेगळा रकाना आहे आणि त्यात नोंद करायला कोणालाही कमीपणा वाटत नाही.

या रकान्याला आता आणखी एक कारण आहे. पुणे जिल्ह्यातल्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. मोकाट कुत्र्यांचा प्रश्न केवळ पाडसे मारली जाण्याचा राहिलेला नाही. त्यांच्याकडून रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग लांडगा, खोकड, तरस यांच्यात जाऊ शकतात आणि लांडग्याचा वंशही पातळ होऊ शकतो. अभयारण्याच्या कडेला मेंढ्यांचा वाडा लावून बसलेल्या एका धनगर आजींनी हेच वेगळ्या शब्दांत सांगितले होते. “लांडग्याला प्वाट हाय, त्यो एक कोकरू नेतो नि जातो. कुत्री टोळीनं येत्यात, खात न्हाईत, नुसती फाडून टाकत्यात.” लांडग्याने मेंढी नेली तर शासनाकडून भरपाई मिळते, कुत्र्याने मारली तर मिळत नाही, त्यामुळे ठसा नीट ओळखणे त्यांच्या दृष्टीने पैशाचा प्रश्न असतो. असा वाडा मुक्कामाला असेल तेव्हा आम्ही ठसे पाहायला जातो, वनरक्षकांना लगेच कळवतो आणि पंचनामा होईपर्यंत ठशावर घमेले पालथे घालून ठेवतो. मला वाटते, गावकऱ्यांच्या मनात आमच्याविषयी जो विश्वास तयार झाला तो त्या घमेल्यांमुळे झाला, भाषणांमुळे नाही.

आगीचा काळ पौषापासून सुरू होतो. गवत वाळून कडक झालेले असते. त्याआधी वनमजूर ठरलेल्या पट्ट्यांतले गवत कापून आणि जाळून जाळरेषा तयार करतात, म्हणजे एका बाजूची आग दुसरीकडे जाऊ नये. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाला दिसलेल्या आगींचे इशारे नोंदणी करणाऱ्या कोणालाही मोबाइलवर पाठवते. मी ती नोंदणी केलेली आहे, पण उपग्रह त्या जागेवरून जाईपर्यंत गवताची आग बरेच अंतर कापून गेलेली असते. त्याहून लवकर कळते ते शेजारच्या शेतकऱ्याच्या फोनवरून, त्यामुळे कडेच्या शेतकऱ्यांचे क्रमांक वहीत असणे आवश्यक आहे. आग लागली की ओल्या फांद्यांनी झोडपून ती कडेने दाबत नेतात. हे काम शिकलेल्या माणसांचे आहे. स्वयंसेवकांनी पाणी पोहोचवायचे आणि विझलेल्या पट्ट्यात धुमसणारे शेणाचे गोळे आणि खोडे शोधून सांगायची.

आगीविषयी सरसकट बोलणेही बरोबर नाही. गवताचा गड्डा जमिनीत शाबूत राहतो, पावसानंतर तो पुन्हा फुटतो, आणि अधूनमधून लागलेल्या आगीने माळावर झुडपांचे रान माजत नाही, हे खरे आहे. परंतु हजारो चौरस किलोमीटरच्या माळावर एक कोपरा जळणे वेगळे आणि पाच चौरस किलोमीटर एका दुपारी जळणे वेगळे. इथल्या सशाला, घोरपडीला, चंडोलाला पळून जायला शेजारी दुसरा माळ उरलेला नाही.

वर्षाअखेरीस सगळे तक्ते एकत्र करून त्यांचा अहवाल कार्यालयात दिला जातो. अहवालावर पुढे काय होते, याची अधीरता सोडावी लागते. निधी, मनुष्यबळ, वरिष्ठांच्या बदल्या अशा अनेक गोष्टींवर ते अवलंबून असते. मात्र अधिकारी बदलले, वनरक्षक बदलले, तरी त्याच चौकटींच्या, त्याच वाटेच्या नोंदी नव्या माणसाच्या टेबलावर जातात आणि कोणत्या भागातले गवत कमी झाले, कुठे गाजरगवत शिरले, कोणता पाणवठा गळतो, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळते.

ज्यांना यात यायचे असेल त्यांनी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात साधा अर्ज करावा आणि त्यात आपण कोणत्या महिन्यांत येऊ शकतो हे स्पष्ट लिहावे. मातकट रंगाचे कपडे, घोट्यापर्यंतचे बूट, भरपूर पाणी आणि पेन्सिल बरोबर असावी. पेनची शाई घामाने पसरते. फुरसे हा विषारी साप इथे आहे, त्यामुळे दगड हाताने उचलण्याआधी काठीने हलवून पाहावा. हिवाळ्यात, पाखरे आलेली असतात तेव्हा, येणारे पुष्कळ असतात. चैत्र-वैशाखात पाणवठे घासायला आणि ठशांचे पट्टे दररोज सारखे करायला माणसे कमी पडतात, म्हणून ज्यांना जमेल त्यांनी अर्जात हेच दोन महिने सर्वांत वर लिहावेत.